गर्दीचा कर आणि शाळेची बस

मोटारीने मध्य लंडनमध्ये शिरायचे तर दिवसाला ५ पौंड! हे गर्दी-शुल्क १७ फेब्रुवारी २००३ रोजी सुरू झाले. मुहूर्त हुशारीने निवडलेला. शाळांना सुटी होती. खरी परीक्षा शाळा उघडल्यावरच व्हायची होती.

शुल्क सकाळी सातपासून लागू. त्यामुळे मुलांना मोटारीने सोडणारे बाहेरचे पालक त्यात सापडलेच. शिक्षकांनाही सरसकट सूट नव्हती. साहेबाला आणि जेमतेम घर चालवणाऱ्या आईला रक्कम सारखीच. हद्दीतल्या रहिवाशांना मात्र ९० टक्के सवलत!

पण ज्यांच्या घरी मोटारच नाही त्यांचे काय? त्यांची मुले बसने जातात. रस्ता तुंबला की पहिला तास त्यांचाच बुडतो. म्हणूनच शुल्काचे उत्पन्न वाहतुकीवरच खर्चायचे, हे कायद्याचे बंधन मोलाचे. २००५ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना बसप्रवास मोफत झाला. ती सवलत वेगळी, पण तिच्याविना हे गणित अपुरेच.

२०२० मध्ये करोनाकाळात लंडनच्या वाहतूक यंत्रणेला मदत देताना ब्रिटिश सरकारने मुलांचा मोफत प्रवास तात्पुरता थांबवण्याची अट घातली. त्याच वर्षी शुल्क १५ पौंड झाले. ते वाढले ते वाढलेच. मुलांबाबतची अट मात्र अमलात आली नाही.