आशाताईंची पिशवी आणि मेडिकलचा काउंटर

गर्भनिरोधनाची साधने भारतात स्वस्त आहेत, काही तर फुकट आहेत. अडचण अशी, की जिथे ती फुकट मिळतात तिथे येणाऱ्याला सगळे ओळखतात आणि जिथे कोणी ओळखत नाही तिथे पैसे मोजावे लागतात. अठरा ओलांडलेल्या पण लग्न न झालेल्या मुलामुलींना या दोन्हींच्या मधून वाट काढावी लागते. वाचकांच्या पत्रांतही दरांपेक्षा गुप्ततेचीच विचारणा अधिक आहे.

विकत घ्यायचे तर सर्वांत कमी दर गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंच्या पिशवीतला. २०११ मध्ये सुरू झालेल्या घरपोच योजनेत तीन निरोधांचे पाकीट १ रुपया, गोळ्यांचे महिन्याचे पाकीट १ रुपया आणि तातडीची गोळी २ रुपये असे दर ठरले. पण ही व्यवस्था बेतलेली आहे ती जननक्षम जोडप्यांच्या नोंदवहीवर, म्हणजे पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित स्त्रियांच्या यादीवर. शिवाय आशाताई त्याच गावच्या असाव्यात हा निवडीचा निकषच आहे. बाळंतिणीच्या दृष्टीने तो सोयीचा, पण वीस वर्षांच्या अविवाहित मुलीसाठी आशाताई बहुधा कोणाची तरी काकू किंवा शेजारीण असते.

दुसऱ्या टोकाला मेडिकल. तिथे लग्नाचे कोणी विचारत नाही, आणि तातडीची गोळी २००५ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून देण्याची पद्धत गुप्ततेसाठीच पडली असावी, पण दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांना त्या पुडीवरूनच आत काय असेल ते कळते. गोळी एकदाच घ्यायची, ती कुठे दडवून ठेवायला नको, म्हणून तरुणांमध्ये तिचा वापर नेहमीच्या साधनासारखा होऊ लागतो. हा सर्वांत महागडा मार्ग आहे. योजनेत २ रुपयांना असलेल्या त्याच औषधाला बाजारातल्या नावाखाली शंभराच्या आसपास पडतात, तेही दर वेळी. ही गोळी संबंधांनंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी उपयोगी. ती बीज बाहेर पडणे लांबवते. आधीच राहिलेला गर्भ तिने पडत नाही आणि गोळीनंतरच्या संबंधांना तिचे संरक्षण नसते. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर ती पुन्हा घ्यावी लागते.

गुप्ततेचा विचार बहुतेक वेळा काउंटरपाशीच थांबतो. खरा प्रश्न घरी आल्यावर, कपाटापाशी सुरू होतो. माला-एन या गर्भनिरोधक गोळीच्या पाकिटात २८ गोळ्या असतात, २१ संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या. रोज एक, म्हणजे पाकीट रोज हाताशी हवे आणि रोज नजरेआड हवे. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, आता सरकारी केंद्रांत ‘छाया’ नावाने मिळणारी गोळी संप्रेरकविरहित आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदाच. ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते, घरात काहीच ठेवावे लागत नाही.

यावरून अंतरा सर्वांत गुप्त वाटेल. पण महाराष्ट्रातल्या अनेक घरांत सणवार, पूजा आणि कुळधर्मामुळे प्रत्येकीच्या पाळीची तारीख बाकीच्या बायकांना तोंडपाठ असते. अंतराने सुरुवातीला रक्तस्राव अनियमित होतो, पुढे पाळी थांबूही शकते. छायाने पाळी लांबते. या दोन्ही गोष्टी वैद्यकीयदृष्ट्या सहसा चिंतेच्या नाहीत, पण अशा घरात त्या लगेच लक्षात येतात. उलट माला-एनने पाळी ठरल्या वेळी येते. दडवायला सर्वांत अवघड असलेली गोळी इथे सर्वांत कमी संशय निर्माण करते. कोणते साधन कोणाला गुप्त, हे घरागणिक बदलते, म्हणूनच एकच साधन सर्वांना सुचवणारा सल्ला फारसा उपयोगाचा नाही. माला-एन सुरू करण्यापूर्वी मात्र रक्तदाब मोजून घेणे आवश्यक असते. ज्यांना तीव्र अर्धशिशी आहे किंवा रक्तात गुठळी होऊन गेली आहे, त्यांनी डॉक्टरांना ते आधी सांगायचे असते.

एका वाचकाने विचारले आहे, की आपल्या गावचे उपकेंद्र टाळून दुसरीकडे गेले तर चालते का? चालते. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाला गावाची हद्द नसते. कॉलेजसाठी शहरात राहणाऱ्यांना स्वस्त आणि अनोळखी यांचा मेळ बसतो तो इथेच. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. केसपेपरवर जो मोबाइल क्रमांक लिहिला जातो, तो घरच्यांचा नसावा एवढी काळजी पुरते. ‘आभा’ हा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक देणे ऐच्छिक आहे. फक्त निरोध हवे असतील तर त्याच आवारातल्या, आयसीटीसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एचआयव्ही सल्ला व चाचणी केंद्रात ते विनामूल्य मिळतात. तिथल्या समुपदेशकांना अविवाहितांची सवय असते. इतर विभागांत ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न येतो आणि कधी कधी उपदेशही ऐकावा लागतो. उपदेश करणे हा त्या कर्मचाऱ्याच्या कामाचा भाग नाही. गर्भनिरोधक साधनासाठी लग्नाची अट कोणत्याही कायद्यात नाही, सज्ञान व्यक्तीला आईवडिलांची संमतीही लागत नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरवर बंधनकारक आहे.

अठराच्या आत परिस्थिती वेगळी आहे. किशोरवयीनांसाठी सरकारी ‘मैत्री’ केंद्रे आहेत, पण पॉक्सो कायद्यानुसार अठराखालील मुलीशी संबंध हा, तिची संमती असली तरी, गुन्हा ठरतो आणि कळल्यावर पोलिसांना सांगणे डॉक्टरवर बंधनकारक असते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात एवढी सवलत दिली, की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास त्या खबरीत तिचे नाव देण्याची गरज नाही.