छत्राच्या पंक्तीपासून संशोधनवेतनापर्यंत

विद्येची आवड कोणत्याही घरी उपजते. परंतु ती जोपासण्यास लागणारा निश्चिंत काळ सर्व घरी सारखा नसतो. पदवी मिळताच मुलाने मिळवते व्हावे, अशी गरीब घरची अपेक्षा असते. संशोधनास तर त्यापुढेही अनेक वर्षे लागतात. हा काळ कोणी पुरवावयाचा, हा प्रश्न तंजावरास नवा नाही.

तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांस पत्र लिहून राज्यातील छत्रांची हकीकत कळविली. तेथे वाटसरूंस भोजन मिळे. शिवाय वेदाध्यापक, पंतोजी व वैद्य नेमलेले असत. अनाथ मुलांस तीन वेळा अन्न, वस्त्र व औषध मिळे, आणि ज्या शास्त्राची त्यांनी आवड सांगावी ते शिकविले जाई.

पुढे छत्रांचा कारभार जिल्हा बोर्डाकडे आला. तिरुवैयारू येथे छत्रांच्या उत्पन्नावर संस्कृत महाविद्यालय चाले. तमिळला तेथे स्थान नव्हते. १९२० नंतरच्या दशकात बोर्डाचे अध्यक्ष ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी तेथे तमिळचे अध्यापन सुरू करविले व छत्रांची वसतिगृहे ब्राह्मणेतर विद्यार्थ्यांस खुली केली. दान तेच राहिले. पंक्ती मात्र रुंदावली. पन्नीरसेल्वम स्वतः ख्रिस्ती, म्हणजे अल्पसंख्य समाजातील होते.

साहाय्य मध्येच तुटल्यास काय होते, हे डॉ. भीमराव आंबेडकरांच्या चरित्रावरून दिसते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या विद्यावेतनावर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली मुदत संपताच लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावे लागले. मुंबईस प्राध्यापकी करून त्यांनी पैसा जमविला, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली त्यांस डी.एस्सी. पदवी मिळाली.

स्वतंत्र भारतात हे कार्य शासनाने अंगावर घेतले. अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी २००५-०६ साली राष्ट्रीय संशोधनवेतन सुरू झाले. अल्पसंख्य समाजांसाठी २००९ साली सुरू झालेले मौलाना आझाद संशोधनवेतन २०२२ साली बंद करण्यात आले.

तंजावरात १९८१ साली तमिळ विद्यापीठ स्थापन झाले. मराठी राजवटीच्या मोडी कागदांचे तमिळ भाषांतर तेथे झाले आहे. असे काम वर्षानुवर्षे चिकाटी मागते. ती वर्षे ज्यास मिळतात तोच पुढे अध्यापक होतो, आणि त्याच्या वर्गात बसलेल्या मुलास आपल्यासारख्याच घरातून आलेला पंडित प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. संशोधनवेतनाचे खरे फळ हेच होय.