शिशूचे पहिले पुस्तक आणि कानाचा अधिकार

बालवाङ्मयाच्या चर्चेत कुमारांच्या कथेला आणि किशोरांच्या कादंबरीला स्थान मिळते. परंतु दोन-तीन वर्षांच्या शिशूच्या हाती येणाऱ्या पहिल्या पुस्तकाचा विचार बहुधा शिक्षणशास्त्राकडे सोपविला जातो. परिणामी ते पुस्तक अक्षरओळखीचे साधन ठरते. वस्तुतः शिशू ते वाचीत नाही. तो ते ऐकतो. वाचणारी आई किंवा आजी असते, आणि शिशू चित्रावर बोट ठेवून तिच्या आवाजाबरोबर चालतो. म्हणून या पुस्तकाची पहिली कसोटी डोळ्याची नव्हे, कानाची होय.

या कसोटीचे एक उद्बोधक उदाहरण म्हैसूरच्या वाङ्मयीन इतिहासात सापडते. तेथे विद्यार्थिदशेत असलेले कुवेंपु प्रारंभी इंग्रजीत कविता लिहीत. १९२४ साली आयरिश कवी जेम्स कझिन्स यांनी त्यांना मातृभाषेत लिहिण्याचा सल्ला दिला. पुढे लवकरच त्यांनी रॉबर्ट ब्राउनिंगच्या १८४२ मधील बासरीवाल्याच्या कवितेवरून मुलांसाठी ‘बोम्मनहळ्ळिय किंदरिजोगि’ हे कथाकाव्य रचले. त्यात जर्मन नगर व नदी यांची जागा बोम्मनहळ्ळी व तुंगा यांनी घेतली. परंतु स्थळांचा हा बदल त्यामानाने सोपा. खरे कौशल्य ध्वनीत आहे. उंदरांची यादी येते तेव्हा कन्नडातील ‘इलि’, म्हणजे उंदीर, हा छोटा शब्द मागील शब्दांना चिकटून समास घडवितो आणि प्रत्येक समासाच्या शेवटी तोच नाद पुनःपुन्हा उमटतो. अर्थ परका, पण लय कन्नडाच्या घडणीतून उगवलेली. हे काव्य शिशूंपेक्षा थोड्या मोठ्या मुलांचे. तथापि त्यातील तत्त्व शिशुगीताला अधिकच लागू पडते. जी. पी. राजरत्नम् यांच्या कन्नड शिशुगीतांच्या संग्रहाचे ‘तुत्तूरी’ हे नावच वाद्याच्या ध्वनीचे अनुकरण करते.

मराठीत मात्र पहिल्या पुस्तकावर ‘जोडाक्षरविरहित’ असण्याचा दंडक वारंवार लादला जातो. स्वतः वाचू लागलेल्या मुलासाठी त्याचे प्रयोजन उघड आहे. परंतु ऐकणाऱ्या शिशूला जोडाक्षर दिसतच नाही. लेखनातील अडचण त्याच्या कानाला अडचण वाटत नाही. उलट ‘हत्ती’, ‘पिल्लू’, ‘गट्टी’, ‘कट्टी’ हे त्याच्या जगातलेच शब्द. दंडक काटेकोर पाळला तर हत्तीला पुस्तकातून जावे लागते. आणि त्याच्या जागी आलेला ‘गज’ शिशूच्या ओळखीचा नसतो.

हानी केवळ शब्दांची नाही. मात्रागणनेत जोडाक्षराच्या आघाताने मागचा ऱ्हस्व स्वर गुरू होतो. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त ज्याला पद्मावर्तन म्हटले, ते आठ मात्रांचे आवर्तन टाळीवर सहज चालते, आणि टाळीचा ठोका अशा गुरूवर पडला की तो अधिक ठसतो. जोडाक्षरे गाळली की रचनाकाराच्या हातून हे ठोकेच निसटतात. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ (१९६१) पासूनच्या बालकविता मोठ्याने वाचून पाहिल्या म्हणजे बोलीचा ठसका आणि लयीचा खेळ यांना मोकळीक मिळाल्यावर काय साधते ते कळते.

पहिले पुस्तक रचणाऱ्याने म्हणूनच ओळ लिहिण्यापूर्वी म्हणून पाहावी. दुसऱ्या वेळी ऐकणाऱ्याला पुढचा शब्द ओठांवर आणता यावा, मांडीवर झुलताना श्वास तुटू नये, आणि चित्राने गीताचा अर्थ सांगत बसण्याऐवजी बोटाला फिरण्यास जागा द्यावी. अक्षरओळखीचे पुस्तक त्यानंतर, वेगळे असावे.

महाराष्ट्राबाहेर, म्हैसुरासारख्या नगरीत वाढणाऱ्या मराठी घरातील शिशूच्या संदर्भात या विवेकाचे मोल विशेष आहे. अंगणातील भाषा तेथे वेगळी असते. मराठीचा नाद त्याला मुख्यतः घरातील माणसांकडून आणि त्यांच्या हातातील पुस्तकातूनच मिळायचा. त्या पुस्तकात केवळ सोपी अक्षरे असतील, तर त्याला मराठी लिपी मिळेल. मराठी मिळेलच असे नाही.