दमणच्या सागाची फ्रिगेट

पेडणे-डिचोलीकडच्या जुन्या घरांतला सागवानी खांब आपण पाहिला असेल. तसल्याच सागाची, पन्नास तोफांची ‘दों फेर्नांदु दुसरा ई ग्लोरिया’ ही फ्रिगेट १८४३ साली दमणला पाण्यात उतरली. लाकूड नगर हवेलीच्या रानातले. नाव राजाराणीचे, हात मात्र दमणच्या सुतारांचे. (हे सांगायचे बहुधा राहूनच जाते.) १८४५च्या फेब्रुवारीत ती गोव्याहून लिस्बनला निघाली आणि १८७८पर्यंत केवळ शिडांवर फिरली. पुढे तिच्यात तोफखान्याची शाळा भरे, नंतर गरीब मुले राहून शिकत. सागाच्या अंगीच तेल असते, म्हणून कीड नि कुज त्याला सहजी लागत नाही. आगीपुढे मात्र इलाज नव्हता. १९६३ मध्ये जहाज जळाले, सांगाडा तेजू नदीच्या गाळात पडून राहिला. १९९२ ते १९९८ या काळात त्याची पुन्हा बांधणी झाली. आता लिस्बनसमोरच्या काठावर ते पाहायला मिळते.