उरलेले सोळा तास

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्लीत पणत्या लागतात, तेव्हा बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या घरी मुलं फटाके घेऊन थांबलेली असतात. "बाबा कधी येणार?" याचं उत्तर आईकडे नसतं, कारण ते बाबांकडेही नसतं. ड्यूटीवर जायची वेळ ठरलेली; सुटायची मात्र नाही. नोकरीतला ताण पुष्कळदा इथूनच घरात शिरतो.

मुंबईच्या पोलिस ठाण्यांत वर्षानुवर्षं बारा तासांच्या दोन पाळ्या चालत आल्या. त्यात नाकाबंदी लांबली, सोडवायला येणारा माणूस उशिरा आला, वर कल्याण-बदलापूरचा लोकलप्रवास धरला, की झोपेपुरतेही तास उरत नसत. देवनार पोलिस ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने यावर तोडगा मांडला: तीन पाळ्या, आठ तास काम, सोळा तास विश्रांती. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो मनावर घेतला आणि मे २०१६मध्ये देवनारलाच प्रयोग सुरू झाला. पुढे तो शहरातल्या इतर ठाण्यांत गेला. २०२२च्या जानेवारीत राज्यातल्या महिला पोलिसांसाठीही प्रायोगिक तत्त्वावर आठ तासांच्या ड्यूटीचा आदेश निघाला.

मनुष्यबळ अपुरं पडलं किंवा मोठा बंदोबस्त लागला, की हा तक्ता मोडतो. तरीही देवनारची गोष्ट मला मोलाची वाटते, कारण तिथे कर्मचाऱ्याच्या मनाची काळजी ड्यूटीच्या तक्त्यापासून सुरू झाली.

संशोधनही तिकडेच बोट दाखवतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९मध्ये स्वीडन आणि अमेरिकेतल्या कामगारांची माहिती तपासली. कामाचा रेटा मोठा आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा थोडी, अशा जागी मनाची ओढाताण सर्वाधिक असते, असं त्यांना आढळलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो. नैराश्य आणि चिंताविकारांपायी जगात दर वर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना मालकाला आधी कामाची रचना बदलायला सांगतात आणि वरिष्ठांना प्रशिक्षण द्यायला सांगतात. हाताखालच्या माणसाची झोप उडाली आहे, तो अबोल झाला आहे, हे सर्वांत आधी दिसू शकतं ते साहेबालाच. त्याने दार लावून शांतपणे विचारावं, ऐकलेलं चारचौघांत बोलू नये, आणि आजारातून परतलेल्याला सुरुवातीला हलकं काम द्यावं. समुपदेशक हवाच, पण तासभर मन मोकळं करून माणूस पुन्हा त्याच बारा तासांच्या पाळीत परतणार असेल, तर त्या तासाचा उपयोग किती?

कायदाही आता पाठीशी आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाच्या आजाराला विम्यात शरीराच्या आजाराच्या बरोबरीने धरलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक हजेरीपटाशेजारी लावायला कोणत्याच कारखान्याला खर्च येत नाही. पण तो फिरवल्याचं साहेबाला कळलं तर बढती हुकेल, ही भीती घालवणं मालकाच्याच हाती आहे.

देवनारचा तोडगा आला तो पाळी करणाऱ्याकडूनच. आपलं काम कुठे टोचतं हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, मग ते रुग्णालय असो, बँक असो की दहा जणांचं वर्कशॉप. या दिवाळीत मालकाने मिठाईच्या खोक्यासोबत प्रत्येकाला एक कोरा कागद द्यावा: तुमची पाळी तुम्ही कशी लावाल? आणि आलेला प्रत्येक कागद स्वतः वाचावा. घरी थांबलेल्या मुलांना बाबांची वेळ सांगता येईल, अशी वाट त्यातल्याच एखाद्या कागदावर लिहिलेली असेल.