मैल कुणाच्या नावावर?

ईडन प्रेरीत चार मराठी कुटुंबं जमली की मुलांची शाळा आणि थंडी यांच्यानंतरचा विषय ठरलेला: "तुमच्याकडे कुठलं कार्ड?" त्यात नवल नाही. मिनियापोलिसहून मुंबईला थेट विमान नाही आणि चौघांची तिकिटं काढायची म्हणजे मोठी रक्कम. त्यामुळे वाणसामानावर मिळणारे पॉइंट्स म्हणजे आपल्याला माहेरच्या वाटेचा खर्चच वाटतो.

हे पॉइंट्स येतात कुठून? आपण कार्डाने शंभर डॉलर दिले की दुकानदाराचे साधारण दोन-तीन डॉलर कापले जातात. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा असतो आणि त्यातूनच ती आपल्याला बक्षीस देते. बाकीची कमाई वार्षिक फी आणि थकबाकीवरचं व्याज यांतून होते. आपल्या विमानतळावर राज्य डेल्टाचं. या डेल्टाला २०२४ साली अमेरिकन एक्स्प्रेसकडून सात अब्ज डॉलरहून अधिक मिळाले. मैल विकणं हा असा स्वतंत्र धंदाच झाला आहे.

या पंगतीत आता फिनटेक कंपन्या येऊन बसल्या आहेत. ॲप त्यांचं, पण कार्ड देणारी बँक सहसा दुसरीच. २०२१ मध्ये आलेल्या बिल्टने चक्क घरभाड्यावर पॉइंट्स देऊ केले. नव्याने आलेल्या, अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या कुटुंबाचा सगळ्यात मोठा खर्च तोच. २०२२ मध्ये वेल्स फार्गोबरोबर निघालेल्या कार्डाला वार्षिक फी नव्हती आणि पॉइंट्स विमान कंपन्यांकडे वळवता येत. रॉबिनहूडने २०२४ मध्ये तीन टक्के परत देणारं कार्ड जाहीर केलं. सभासदत्वाची फी मात्र वेगळी. जुन्या बँकांनी सवलतीही वाढवल्या आणि फीही. चेस सफायर रिझर्व्हची फी २०१६ मध्ये ४५० डॉलर होती, ती २०२५ मध्ये ७९५ झाली.

पण भाड्याच्या पॉइंट्सचा भार बहुतांशी बँकेनेच उचलला होता. वेल्स फार्गोला तो सौदा महाग पडला, करार मुदतीआधीच आटोपला आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये बिल्टने नव्या भागीदारांसह नवी कार्डं, नवे नियम आणले. यातून घ्यायचं ते एवढंच: पॉइंट्सचं मोल देणारा ठरवतो आणि तोच बदलतो. तिकिटापुरते जमले की वापरून टाकावेत. आणि बिल पूर्ण भरावं. दोन हजार डॉलरवर डॉलरला एक पॉइंट मिळाला, तर साधारण वीस डॉलरचं बक्षीस. तेच दोन हजार २२ टक्क्यांनी थकले, तर महिन्याचं व्याज जवळजवळ ३७ डॉलर.

या सगळ्या हिशेबात मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते कार्डावरचं नाव. भारतात मी शिकवत होते, पगार माझ्या खात्यात येत होता. इथे डिपेंडंट व्हिसावर आल्यावर हाती आलं ते नवऱ्याच्या खात्यावरचं जोडकार्ड. अशा खात्याची नोंद आपल्या क्रेडिट हिस्टरीत दिसू शकते, पण पॉइंट्स मूळ खातेदाराचे, आणि खातं बंद करण्याचा हक्कही त्याचाच. किराणा, मुलांचे कपडे, औषधं हा खर्च करतो आपण. मैल साठतात दुसऱ्याच्या नावावर.

नोकरी नाही म्हणून कार्ड मिळत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. २०१३ पासूनच्या नियमानुसार २१ वर्षं पूर्ण झालेल्या अर्जदाराला, ज्या घरच्या उत्पन्नावर त्याचा वापराचा वाजवी हक्क आहे, ते अर्जात दाखवता येतं. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, तर काही बँका आयटीआयएन चालवून घेतात. नोव्हा क्रेडिट या फिनटेक कंपनीने २०१९ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसशी हातमिळवणी करून भारतातली क्रेडिट हिस्टरी इथल्या अर्जासाठी वापरायची सोय केली. पॉइंट्सच्या जाहिरातींपेक्षा फिनटेकचं हे काम मला मोलाचं वाटतं.

लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. यंदा वहीशेजारी घरातली कार्डं ठेवा आणि त्यांवरची नावं वाचा. सगळ्यांवर एकच नाव असेल, तर पाडव्यापासून दुसऱ्या नावाने एक साधं, बिनफीचं कार्ड सुरू करा. मैल सावकाश जमतील. पण उद्या घरासाठी कर्ज काढायचं झालं किंवा एकटीवर संसार सांभाळायची वेळ आली, तर उपयोगी पडेल ती आपल्या नावावरची नोंद.