शक्ती वाढवायची, पण कोणाविरुद्ध?

आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकेला आमवात आहे. सकाळी बोटे इतकी आखडलेली असतात की खडू धरवत नाही. एकदा त्यांनी अळंबीच्या अर्काच्या गोळ्यांची बाटली आमच्यापुढे ठेवली. वर लिहिले होते, 'रोगप्रतिकारशक्ती वाढवते.' "घेऊ का?" बाईंनी विचारले.

आपल्या पांढऱ्या पेशी एरवी जंतूंवर हल्ला करतात. आमवातात त्या स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करतात. म्हणजे इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तिचा नेम चुकलेला असतो.

आता अळंबीकडे वळू. अळंबी ही बुरशीच. बुरशीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकान, म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी असते. आपले शरीर ती बनवत नाही. त्यामुळे ती भेटताच काही पांढऱ्या पेशी शत्रू आला असे समजून सज्ज होतात. याच गुणामुळे शिताके अळंबीतील लेंटिनान या बीटा-ग्लुकानला जपानमध्ये १९८५ साली जठराच्या कर्करोगावर पूरक औषध म्हणून मान्यता मिळाली.

पण नेमच चुकलेला असेल तर? जपानमध्येच, क्योतो विद्यापीठात, शिमोन साकागुची (२०२५ चे नोबेल मानकरी) व सहकाऱ्यांनी जन्मतः सांधेविकाराकडे कल असलेले उंदीर रोगजंतूंपासून जपून वाढवले. ते निरोगी राहिले. बीटा-ग्लुकान टोचल्यावर मात्र त्यांचे सांधे सुजले. हे २००५ साली प्रसिद्ध झाले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि टोचणे म्हणजे खाणे नव्हे. अळंबीची भाजी खाऊन आमवात होतो, असा अर्थ कोणी काढू नये. पण 'शक्ती वाढवते म्हणजे चांगलेच' असे गृहीत धरता येत नाही, एवढे नक्की.

गंमत म्हणजे, नेमके उलटे काम करणारे सायक्लोस्पोरिन हे औषधही एका बुरशीनेच दिले. ही बुरशी नॉर्वेच्या मातीत सापडली. हे औषध प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून आमवाताच्या काही रुग्णांना देतात. तेही मात्रा मोजून, रक्तदाब आणि मूत्रपिंडांवर लक्ष ठेवून. तेव्हा 'बुरशीपासून बनलेले' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कोणता घटक, किती आणि कोणासाठी, हे पाहावे लागते.

बाईंनी चालू औषधे सोडली नाहीत. बाटली न उघडता डॉक्टरांना दाखवली. आता तिच्यावरची ती ओळ त्या वर्गात फळ्यावर लिहितात आणि मुलांना विचारतात, "वाढवते, पण कोणाविरुद्ध?" तुमच्या वर्गातही विचारून पाहा.